चोक बंद केलाय, पण तो बसलाय का?

नमस्कार श्रोतेहो.

गाडी रात्रभर उभी राहून गार पडलेली. सकाळी चोक ओढला, दहा किका मारल्या, गाडी ढिम्म. किंवा याच्या उलट, गाडी चालू झाली, पण चोक बंद केला तरी धूर काळाच आणि पेट्रोलचा वास जात नाही. दोन्ही तक्रारींचं मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी सापडतं. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण करून देणारा भाग. त्याच्या अंगात एक बारीकसा दट्ट्या बसलेला असतो, प्लंजर.

चोक या शब्दाचा अर्थ गळा आवळणं. काही कार्बोरेटरांत खरोखर तसंच होतं, तोंडाशी पत्र्याची झडप फिरते आणि हवा अडते. पण बऱ्याच मोटारसायकलींत हवा अडवतच नाहीत. चोक ओढला की प्लंजर वर उचलला जातो आणि जादा पेट्रोलाची वेगळी वाट उघडते. गरम इंजिनाला एक ग्रॅम पेट्रोल जाळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा पुरते. गार इंजिनात पेट्रोलाची नीट वाफ होत नाही, म्हणून त्याला बरंच दाट, म्हणजे जास्त पेट्रोलाचं मिश्रण द्यावं लागतं. प्लंजरचा चोक ओढला असेल तर किक मारताना रेस देऊ नका. पुन्हा सांगतो, रेस देऊ नका. रेस बंद असते तेव्हाच इंजिनाची ओढ त्या बारीक वाटेवर पडते. रेस दिलीत की चोक ओढून न ओढल्यासारखा.

आता माझ्या गाडीची गोष्ट. टाकी आतून गंजली होती म्हणून मी ती उतरवून साफ केली, परत बसवली. त्यानंतर गाडी सकाळी चोक न ओढताच पहिल्या किकेला चालू व्हायला लागली. मला वाटलं, टाकी धुतल्याचा गुण आला. पण तापली की ठसकायची, वेग कमी केला की बंद पडायची, ॲव्हरेज तर पारच घसरलं. प्लग काढला, तर बोटाला लागेल अशी कोरडी, काळीकुट्ट काजळी. पुसून बसवला, दोन दिवसांत पुन्हा तोच रंग. एअर फिल्टर झटकला, कार्बोरेटरात पेट्रोलाची पातळी राखणारा फ्लोट तपासला, जेट म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं फुंकून घेतली. सगळं जागच्या जागी.

शेवटी एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. गाडी चालू ठेवून हँडल सावकाश डावीकडे वळवलं, अगदी टोकापर्यंत. इंजिनाचा आवाज जड झाला, गुदमरल्यासारखा. हँडल सरळ केलं, आवाज जरा सुटला.

मी म्हटलं, "काका, कार्बोरेटर उघडायचा का?"

"थांब रे. टाकी कधी उतरवली होतीस?"

टाकी पुन्हा उचलली. खाली चोकची केबल फ्रेमच्या कोपऱ्यात अडकून तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली. प्लंजर पूर्ण खाली बसतच नव्हता, रोज जराजरासा उघडाच राहत होता. गार गाडी चोकशिवाय चालू व्हायची, कारण चोक कायमच लागलेला होता! त्यांनी केबल मोकळ्या वाटेनं फिरवली, दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवली आणि इंजिन तिथल्या तिथे हलकं झालं. तो सुटलेला आवाज अजून माझ्या कानात आहे.

नव्या गाड्यांची किक काढून टाकतात, ते मला मुळीच पटत नाही. इंजिनाचं कॉम्प्रेशन पायाला कळतं, ते बटणाला कसं कळणार?

असो. केबल ठीक असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि प्लंजर बाहेर काढा. त्याच्या खालच्या टोकाचं रबर कडक झालं किंवा चिरलं, तर प्लंजर बसूनही पेट्रोल झिरपतं. गार गाडी चालूच होत नसेल तर चोकचा जेट तुंबला आहे का ते पाहा. तो क्लीनर मारून, हवेनं साफ करा. तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट वाया गेला. आणि गाडी तापल्यावरही चोक ओढूनच चालत असेल, तर दोष बहुधा चोकचा नाही. रेस बंद असताना पेट्रोल देणारा स्लो जेट तुंबलाय किंवा कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या इनटेकच्या रबराला चीर पडून इंजिन बाहेरची हवा घेतंय.

पण उघडाउघडी करण्याआधी गाडी न्यूट्रलला चालू ठेवा आणि हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवा. आवाज बदलला, तर आधी केबल बघा. नमस्कार.