सेंट्रिफ्यूजचं काम बुडबुड्यांकडे द्या

मंडळी, पंचगंगेच्या पाण्यात शेतातली औषधं किती उतरतात, हा प्रश्न आपल्याकडं दरवर्षी निघतो. उत्तर हवं तर ती मोजावी लागतात. उसातल्या तणावर मारतात ते ॲट्राझीनच घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 2 मायक्रोग्रॅम. इतकं कमी द्रव्य मोजायचं तर ते आधी थोड्याशा द्रावकात गोळा करावं लागतं.

माझा जुना राग सेपरेटरी फनेलवर, म्हणजे पाणी आणि द्रावकाचे थर वेगळे करायच्या तोटीच्या काचपात्रावर आहे. एक लिटर पाणी, त्यात 60 मिलिलिटर डायक्लोरोमिथेन हा झटकन उडणारा विषारी द्रावक, हलवा, तोटी उघडून वाफ सोडा, थर सुटेपर्यंत थांबा. असं तीन वेळा. पावसाळ्यातलं गढूळ पाणी असलं की मध्ये साय धरल्यासारखा थर अडकतो, तो तासभर हलत नाही. मग ते 180 मिलिलिटर आटवून एक मिलिलिटरवर आणायचं. बाकीचं जातं कुठं? एका प्रयोगशाळेत, नाव घेत नाही, फ्यूम हूडचा, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा, पंखाच बंद होता. मुली खिडकीशी उभ्या राहून फनेल हलवायच्या आणि दुपारी डोकं धरून बसायच्या. कुणी तक्रार केली की ‘रसायनशास्त्र घेतलंय ना?’ हे उत्तर. मला ते आजही सहन होत नाही. नदीचं प्रदूषण मोजायला पोरांच्या फुप्फुसात विष कशाला?

2006 साली इराणमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळी वाट दाखवली. पाच मिलिलिटर पाणी. त्यात एक मिलिलिटर ॲसिटोन आणि त्यात मिसळलेलं 8 मायक्रोलिटर टेट्राक्लोरोइथिलीन, सुईनं झटक्यात सोडायचं. पाणी ढगाळतं, असंख्य थेंब होतात, द्रव्य त्यांत शिरतं. पण थेंब गोळा करायला सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवून जड भाग तळाशी बसवणारं यंत्र लागतं, आणि तळाशी बसावं म्हणून द्रावक पाण्याहून जड, म्हणजे बहुधा डायक्लोरोमिथेनसारखा विषारी, क्लोरीनवालाच.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. मुद्द्यावर येतो.

टोल्युइन किंवा ऑक्टेनॉलसारखा हलका द्रावक घेतला तर थेंब वर येतात, पण किती वेळात? शंभरांश मिलिमीटरचा टोल्युइनचा थेंब दहा सेंटिमीटर चढायला जवळपास चार तास घेतो. इथं बुडबुडे लागतात. थेंबाला पाणी नकोसं, म्हणून तो बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि त्याच्याबरोबर वर जातो. गुऱ्हाळात भेंडीच्या चिकट रसानं बांधलेली मळी काहिलीत उकळीबरोबर वर येते आणि गुळव्या ती काढून टाकतो, तसंच. नायट्रोजन सच्छिद्र काचेतून हळू सोडायचा. काही मिनिटांत पाणी निवळायला लागतं.

भांड्याचं तोंड मात्र अरुंद हवं. 50 मायक्रोलिटर द्रावक सहा सेंटिमीटरच्या बीकरवर पसरला तर थर केसाहून पातळ, सिरिंजनं उचलताच येत नाही. तीन मिलिमीटरच्या नळीत तोच सात मिलिमीटर उंच उभा राहतो. सिलिंडर नसेल तर सोडियम बायकार्बोनेट आणि सायट्रिक आम्ल घाला, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे तिथंच तयार होतात. फक्त नमुन्याचं पीएच बदलतं, त्यावर लक्ष ठेवा. आणि वायू फार वेळ सोडला तर टोल्युइन त्याच्याबरोबर उडून जातं. तिथं ऑक्टेनॉल बरं. उपकरण बाहेरच्या टेबलावर मांडलंय. आपापल्या विहिरीचं, ओढ्याचं पाणी आणलेल्यांनी आधी या.