ओठावरचा फोड, रेशमातला मेंदू

ही जी मधे भोक असलेली पांढरी चकती दिसतेय ना, मेदूवड्यासारखी, ती फक्त ६ मिलीमीटरची आहे. रेशमाच्या प्रोटीनचा स्पंज, सोबत कोलॅजेन, आणि त्याच्या छिद्राछिद्रांत माणसाच्या मेंदूच्या पेशी वाढतायत. अमेरिकेतल्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीत डाना केर्न्स आणि डेव्हिड कॅप्लन यांनी हा इवलासा मेंदू घडवला, अल्झायमरमागे, म्हणजे म्हातारपणी आठवण पुसत नेणाऱ्या आजारामागे, एखादा व्हायरस आहे का हे बघायला, कारण जिवंत माणसाच्या डोक्यात व्हायरस सोडून काय होतं ते कोण बघणार?

व्हायरस तसा घरातलाच. ताप उतरला की ओठाच्या कडेला पाण्याने भरलेले बारीक फोड येतात, चुरचुरतात, खपली धरते, आपण विसरूनही जातो, तोच हा हर्पिस सिम्प्लेक्स. पन्नाशीच्या आतल्या जगातल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांना तो झालेला असतो. फोड जातो पण व्हायरस जात नाही, तो चेहऱ्याच्या नसेतून मागे मागे जात कवटीच्या तळाशी नसेची एक गाठ असते तिथे जन्मभर झोपून राहतो.

मँचेस्टरच्या रूथ इट्झाकी आणि त्यांच्या टीमला १९९१ मध्ये हाच व्हायरस म्हाताऱ्या माणसांच्या थेट मेंदूतच सापडला. अल्झायमरमागे हाच असावा, असा त्यांचा संशय. लोक म्हणाले, अहो पण अल्झायमर नसलेल्यांच्या मेंदूतही तो आहेच की. मुद्दा बरोबर होता. बाईंनी तोच धरून पुढे शोधलं, आणि १९९७ मध्ये दाखवलं की व्हायरस आणि एपीओई-४ हा जीन दोन्ही एकत्र असले की अल्झायमरचा धोका वाढतो. २००९ मध्ये तर अल्झायमरच्या मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रोटीनच्या गुठळ्यांमध्येच व्हायरसचा डीएनए मिळाला. तरी फंडिंगसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, आणि हे मला अजूनही खुपतं.

आता परत चकतीकडे या. २०२२. आत हर्पिस झोपलेला आहे, वरून कांजिण्यांचा व्हायरस सोडला, जो आपल्याकडे म्हातारपणी नागीण होऊन उठतो. त्याने एकट्याने गुठळ्या केल्या नाहीत, पण झोपलेल्याला जागं केलं आणि मग अमायलॉइड, अल्झायमरमधलंच दुसरं प्रोटीन टाऊ, सूज, सगळंच सुरू झालं.

मग नागीणच रोखली तर? वेल्समध्ये २०१३ पासून नागिणीची लस देताना २ सप्टेंबर १९३३ च्या आधी जन्मलेल्यांना वगळलं होतं, म्हणजे एका आठवड्याच्या फरकाने कुणाला लस, कुणाला नाही. सात वर्षांनी पाहिलं तर लस घेतलेल्यांत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर त्यातलाच) साधारण २० टक्के कमी.

सुरुवातीच्या अल्झायमरच्या १२० पेशंटवर हर्पिसवरच्या गोळीची ट्रायल झाली, २०२५ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. म्हणजे हर्पिसमुळेच अल्झायमर होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही.

आणि हा शेवटचा प्रयोग, तोही २०२५ चाच. सिलिंडरमध्ये ठेवलेल्या चकतीला पिस्टनने हलका धक्का, डोक्याला मार बसतो तसा. एकदा, मग परत परत. आत झोपलेला हर्पिस जागा होतोय.