अडतीस हंगाम, एक मैदान : प्रशिक्षक कॅरल हचिन्स

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि उपस्थित रसिकहो,

मिशिगनमधल्या एखाद्या व्यक्तीविषयी बोला, असे कार्यकारिणीने मला सुचवले, तेव्हा मोटारींच्या या प्रदेशात एखाद्या उद्योजकाचे नाव पुढे येईल, अशी बहुतेकांची अपेक्षा असणार. मी मात्र एका सॉफ्टबॉल प्रशिक्षिकेची निवड केली आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या मुली शाळेत किंवा गावच्या संघात सॉफ्टबॉल खेळतात, शनिवार-रविवार घडीच्या खुर्च्या टाकून आपण ते सामने पाहतो, आणि समोर उभ्या असलेल्या प्रशिक्षिकेचा हा पूर्णवेळ व्यवसाय असू शकतो, हे आपल्या मनात फारसे येत नाही. हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही. महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांत मुलींचे सॉफ्टबॉल कित्येक वर्षे खेळले जात आहे. पण तिकडे प्रशिक्षक म्हणजे बहुतेक वेळा शाळेचे क्रीडाशिक्षक. इकडे विद्यापीठाची मुख्य प्रशिक्षक हे स्वतंत्र, पगारी आणि मानाचे पद आहे. ते तसे का आहे, हे कॅरल हचिन्स यांच्या कारकीर्दीतून जितके कळते तितके दुसऱ्या कुठल्याही गोष्टीतून कळणार नाही, असे माझे मत आहे.

हचिन्सबाई, ज्यांना इथे सगळे नुसते ‘हच’ म्हणतात, त्या १९५७ साली जन्मल्या आणि मिशिगन स्टेट विद्यापीठात बास्केटबॉल आणि सॉफ्टबॉल असे दोन्ही खेळ खेळल्या. १९७६ साली, त्या पहिल्या वर्षाला असताना, मिशिगन स्टेटच्या मुलींनी सॉफ्टबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या काळी महाविद्यालयीन मुलींच्या स्पर्धा एनसीएए, म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची मुख्य संघटना, भरवतच नसे. त्यासाठी एआयएडब्ल्यू नावाची वेगळी संघटना होती, आणि एनसीएएने मुलींच्या सॉफ्टबॉलची स्पर्धा सुरू केली ती १९८२ साली.

मात्र त्यांच्या विद्यार्थिदशेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मैदानाबाहेर घडली. १९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढेच त्याच्या सदतीस शब्दांच्या मूळ वाक्यात सांगितले आहे आणि खेळाचा त्यात उल्लेखही नाही. कायदा होऊन सहा-सात वर्षे उलटली, तरी मिशिगन स्टेटच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला मुलांच्या तुलनेत जेवणाचा भत्ता कमी, हॉटेलात एका खोलीत माणसे जास्त आणि प्रवासाच्या सोयी हलक्या, अशी स्थिती होती. मुलींनी विद्यापीठावर खटला भरला. तो आजही ‘हचिन्स विरुद्ध विश्वस्त मंडळ’ या नावाने ओळखला जातो. ज्या १९७९ साली हे सारे चालले होते, त्याच वर्षी मॅजिक जॉन्सनच्या नेतृत्वाखाली त्याच विद्यापीठाच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाने लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. तो सामना आजही लोकांच्या आठवणीत आहे, तो खटला फारच थोड्यांच्या. खटला न्यायालयात रेंगाळत राहिला आणि तोवर त्यांचे शिक्षण संपलेही. म्हणजे त्याचा लाभ मिळायचा तो पुढच्या मुलींना.

त्यानंतर इंडियाना विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण, १९८२ साली फेरिस स्टेटमध्ये एक हंगाम मुख्य प्रशिक्षकपद, आणि १९८३ पासून ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात सहायक प्रशिक्षकाचे काम. इथे जरा थांबतो, कारण या राज्यात हिरव्या रंगाच्या मिशिगन स्टेटमधून निघून निळ्या-पिवळ्या मिशिगनकडे जाणे म्हणजे काय, हे इथल्या शेजाऱ्यांना विचारून पाहावे. दोन्ही विद्यापीठांचा फुटबॉल सामना असतो त्या एका शनिवारी सख्खे भाऊसुद्धा एकमेकांशी धड बोलत नाहीत! हचिन्स गेल्या, आणि १९८५ साली मुख्य प्रशिक्षक झाल्या त्या २०२२ पर्यंत तिथेच राहिल्या.

विद्यापीठाचा सॉफ्टबॉल संघच मुळी १९७८ साली सुरू झालेला. ज्या गावात लाखाहून अधिक माणसे बसतील असे फुटबॉलचे स्टेडियम आहे, त्या गावात हा खेळ कुणाच्या खिजगणतीत नव्हता. पद मिळाले, पण त्या पदाला वजन, संघाला मैदान, आणि खेळाला प्रेक्षक मिळवून देण्याचे काम त्यांच्याच वाट्याला आले. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात, म्हणजे विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये, त्यांचा संघ प्रथम पोहोचला तो १९९५ साली. मुख्य प्रशिक्षकपदाचे ते अकरावे वर्ष होते. आजच्या भाषेत ‘निकाल’ दाखवायला एवढा वेळ कुठली संस्था देईल, असा प्रश्न मला पडतो.

या विलंबामागे हवामानाचाही भाग होता. सॉफ्टबॉलचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. आपण तेव्हा ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत असतो आणि कॅलिफोर्निया, ॲरिझोनाच्या मुली उन्हात सराव करत असतात. मिशिगनचा संघ हिवाळाभर छताखाली सराव करतो आणि पहिले काही आठवडे दक्षिणेत किंवा पश्चिमेला जाऊन परक्या मैदानांवर खेळतो. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी खेळाडू, त्रेचाळीस फुटांवरून हात खालून गरकन फिरवून चेंडू टाकते, तेव्हा फलंदाजाला विचार करायला निमिषाचाही अवधी मिळत नाही, आणि ती नजर छताखालच्या सरावाने पूर्णपणे तयार होत नाही. त्यामुळे गुणी खेळाडूंचा ओढा पश्चिमेकडे असे, आणि २००५ पर्यंत एनसीएएचे विजेतेपद मिसिसिपी नदीच्या पूर्वेला एकदाही आले नव्हते.

ते आणले हचिन्स यांच्या संघाने. अंतिम फेरी कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठाविरुद्ध, तीन सामन्यांची. पहिला गमावला, दुसरा जिंकला आणि तिसरा नेहमीच्या सात डावांत सुटला नाही, म्हणून दहाव्या डावापर्यंत लांबला. तिथे पहिल्याच वर्षाला असलेल्या समांथा फिंडलेने तीन धावांचा होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवला, आणि मिशिगनने ४-१ अशी बाजी मारली. अशा निर्णायक क्षणी नवख्या मुलीने मोकळेपणाने बॅट फिरवावी, याला मी तरी प्रशिक्षणाचेच फळ म्हणतो. २०१५ साली मिशिगनचा संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा मात्र फ्लोरिडा विद्यापीठाने त्याला तिसऱ्या सामन्यात हरवले.

आकडे सांगायचे तर कारकीर्दीत १,७०७ विजय, बिग टेन या विद्यापीठांच्या गटाची २२ विजेतेपदे आणि वर्ल्ड सिरीजमध्ये १२ वेळा प्रवेश. निवृत्त झाल्या तेव्हा एनसीएए सॉफ्टबॉलमध्ये इतके विजय दुसऱ्या कुणाच्याही नावावर नव्हते. पण या आकड्यांत न दिसणारे काम अधिक असते. शाळकरी वयातील मुली हेरायच्या, त्यांच्या आईवडिलांशी बोलायचे, त्या काळच्या नियमानुसार केवळ बारा पूर्ण शिष्यवृत्त्या वीसेक मुलींमध्ये वाटायच्या, म्हणजे कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला काहीच नाही, आणि तरीही सगळ्यांकडून सारखीच मेहनत करून घ्यायची. घरात भावंडांना एका भाकरीचे तुकडे वाटून देणाऱ्या आईला यातली अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

आणखी एक बाब, जी मला स्वतःला अस्वस्थ करते. १९७२ पूर्वी महाविद्यालयीन मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. कायद्यामुळे या पदांना पगार आणि प्रतिष्ठा आली, तसे पुरुष तिकडे वळले आणि आज हे प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. हचिन्स यांनी याविषयी जाहीरपणे बोलणे कधी टाळले नाही, आणि आपल्या संघापुरते त्याला उत्तरही दिले. त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या बॉनी थॉल पुढे सुमारे तीन दशके त्यांच्या सहायक होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये हचिन्स निवृत्त झाल्या, तेव्हा विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षकपद थॉल यांच्याकडे सोपवले. ॲन आर्बरच्या सॉफ्टबॉल स्टेडियमला आता कॅरल हचिन्स यांचे नाव आहे. इथून ते फार लांब नाही. येत्या एप्रिलमध्ये मुलींना घेऊन एखादा सामना पाहायला जाण्याचे मंडळाने ठरवले, तर गाड्यांची व्यवस्था मी करीन. फक्त जाडजूड कोट बरोबर घ्या.