भर पाण्यात ओबीएम बंद पडलं तर

नमस्कार श्रोतेहो.

गोदावरीला पाणी चढायला लागलं की नाशिककर आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं, हा आपला जुना हिशोब. नेमक्या त्याच दिवशी कुठल्यातरी शेडमधून रबरी बोट बाहेर निघते. तिचं इंजिन गेल्या पावसाळ्यानंतर कुणी चालवलेलं नसतं. मग दोर ओढून ओढून खांदे भरून येतात आणि खापर कंपनीवर फुटतं.

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात ते आउटबोर्ड इंजिन. बचाव पथकांत त्याला सरळ ओबीएम म्हणतात. गंगापूर धरणावर चालतं तेच कोकण किनाऱ्यावरही चालतं. धरणात ते बंद पडलं तर वल्हं मारत काठ गाठता येतो. समुद्रात वारा आणि ओहोटी तुम्हाला विचारत नाहीत.

आजचं फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनचं इंजिन जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा कितीतरी भरवशाचं आहे, यात वाद नाही. पिस्टन, क्रँक, बेअरिंग असा आतला ऐवज सहसा दगा देत नाही. दगा देतात त्याला बाहेरून जोडलेल्या तीन गोष्टी: पेट्रोल, वीज आणि थंड करणारं पाणी. आणि या तिन्ही गोष्टी चालून बिघडतात त्यापेक्षा जास्त उभ्या राहून बिघडतात.

पेट्रोलपासूनच सुरुवात करू, कारण बहुतेक दुखणी तिथलीच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं, तेव्हा आपल्या इंजिनाची पुस्तिका एकदा उघडा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल हद्दीबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, त्यामुळे तिथे तर दुहेरी घात होतो: मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि इंजिनाच्या वाट्याला खालचा बिनतेलाचा थर येतो. म्हणून टू-स्ट्रोकचं मिश्रण लागेल तेवढंच करावं. ५० ला १ म्हणजे ५ लिटरला १०० मिलि, आणि तेल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं, म्हणजे पाण्यावर थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनासाठीचं. मोटारसायकलचं तेल स्वस्त पडतं, पण ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. इथे प्लग काळे होतात.

कार्बोरेटरचं इंजिन ठेवून द्यायचं असेल तर त्याच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाका. नाहीतर ते वाळून राळेसारखं होतं आणि इंजिन मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या आयडल जेटचं केसाएवढं भोक बुजतं. मग इंजिन चोकवर सुरू होतं आणि चोक काढला की मरतं. इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारं औषध, घालून दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. आणि टाकी ते इंजिन या पाईपवर पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा. इतक्या कमी पैशात एवढं काम करणारी दुसरी वस्तू या धंद्यात नाही.

आता समजा, पाण्यात इंजिन थांबलं. लगेच कव्हर उघडू नका. थांबलं कसं, ते आधी आठवा, कारण अर्धं निदान त्यातच असतं.

दिव्याचं बटण दाबावं तसं टप्पकन बंद झालं असेल तर दोष विजेचा. पहिला संशय किल स्विचवर, म्हणजे क्लिप निघाली की इंजिन बंद करणाऱ्या बटणावर. चालवणाऱ्याच्या मनगटाला असते ती लाल दोरी आणि तिची क्लिप. कुणाचा पाय अडकून ती निघते, आणि पुढचा अर्धा तास सगळे प्लग काढून बघत बसतात. ती जागेवर असेल तर फ्यूज, त्यानंतर बॅटरीची टोकं. हाताने आवळायचे पंखवाले नट लाटांच्या धक्क्यांनी सैल होतात. तिथे पान्याने आवळायचे, नायलॉनच्या कडीचे नट लावा. मोठ्या इंजेक्शन इंजिनाला बॅटरी हवीच, नुसता दोर ओढून भागत नाही. मीटर लावला तर इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. आणि इंजिन चालू असताना आकडा १३.५ च्या पुढे जात नसेल तर चार्जिंग होत नाहीये असं समजा.

आचके देत, वेग कमी-जास्त करत, धापा टाकत थांबलं असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? बंद राहिला तर इंजिन पाच-दहा मिनिटं छान चालतं, मग टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येईनासं होतं. पाईपमधला, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा चपटा झालेला दिसला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. फुगा कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठेतरी हवा शिरते आहे. बहुतेक वेळा पाईपच्या कनेक्टरमधली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, गेलेली असते. फुगा दाबताना त्यावरचा बाण इंजिनाकडे आणि तोंड वर ठेवा, आतले व्हॉल्व्ह तसेच नीट बसतात. इंजिन सुरू होऊन पुन्हा धापा टाकू लागलं तर एकाने फुगा दाबत राहावं. त्यावर ते चालत राहिलं, तर दोष पेट्रोल पंपात किंवा हवेच्या गळतीत आहे हे कळतं, आणि तसं दाबत दाबत किनाराही गाठता येतो.

भोंगा वाजून वेग आपोआप उतरला तर इंजिन तापलंय आणि स्वतःला वाचवतंय. मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडत असते, ती बघा. धार नसेल तर इंजिन बंद करून वर उचला. पाणी आत घेणाऱ्या खालच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी, दोरा, आणि आपल्याकडे गोदावरीत पाणवेली अडकलेली सापडते. जाळी साफ असेल तर धारेच्या भोकात नायलॉनची बारीक तार घाला. ठेवलेल्या इंजिनात तिथे कुंभारमाशी घर करते. एवढं करूनही धार येत नसेल तर इम्पेलर गेला. पाणी ओढणारी ती रबरी चक्री कोरडी फिरली तर काही सेकंदांत जळते. म्हणून घराच्या अंगणात ‘जरा बघू’ म्हणून इंजिन कोरडं चालवू नका. पिंपात बुडवून चालवा. सुटा इम्पेलर बरोबर ठेवावा हे खरं, पण तो बदलायला खालचा गिअर भाग उतरवावा लागतो. हलत्या बोटीवर ते काम होत नाही, किनाऱ्यावरच होतं. पुराच्या गाळात चाललेलं इंजिन असेल तर पाणी ओसरल्यावर इम्पेलर उघडून बघाच.

आणि इंजिन जोरात फिरतंय पण बोट हलत नाही, तेव्हा पंख्याची, म्हणजे पाण्यातल्या प्रोपेलरची, पिन तुटलेली असते किंवा आतला रबरी बुश सुटलेला असतो. बुश सुटला तरी अगदी कमी वेगावर तो थोडी पकड घेतो, तेवढ्यावर हळूहळू परत येता येतं. पंख्याला हात लावण्यापूर्वी किल स्विचची क्लिप काढून खिशात ठेवायची. सुटी पिन, नट, कॉटर पिन, प्लग, प्लगचा पाना, फ्यूज आणि जास्तीची किल स्विच क्लिप, एवढं एका जुन्या डब्यात मावतं.

जाता जाता पंख्याची एक गोष्ट. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. दर ३०० मीटरला इंजिनाची साधारण ३ टक्के ताकद कमी होते, म्हणजे आपल्याकडे सहाएक टक्के. किनाऱ्यावर जुळवलेला पंखा इथे जड पडतो आणि पूर्ण थ्रॉटलला इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नाही. पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात जितकं पुढे सरकू पाहतो ते अंतर, एक इंचाने कमी केली की सुमारे २०० फेरे वाढतात. तोच पंखा घेऊन समुद्रावर गेलात तर मात्र फेऱ्यांच्या मीटरवर नजर ठेवा, नाहीतर इंजिन मर्यादेपलीकडे पळेल. झिंकचंही तसंच. खाऱ्या पाण्यात झिंकचा तुकडा स्वतः झिजून इंजिनाची धातू वाचवतो, पण गोड्या पाण्यात त्यावर पापुद्रा धरतो आणि तो निकामी होतो. धरणासाठी मॅग्नेशियमचा हवा. दोन्हीकडे जायचं असेल तर ॲल्युमिनियमचा घ्या.

समुद्रात मात्र दुरुस्तीच्या आधी नांगर. बोट वाहत असताना पाना हातात घेण्यात अर्थ नाही. रात्री मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात आणि तुम्हाला बाहेर नेतात. नांगर बोटीच्या पुढच्या टोकावरूनच टाकायचा. मागून टाकला तर इंजिनाचं वजन, दोराची ओढ आणि लाट मिळून पाणी आत घेतात. पाणी १० मीटर खोल असेल तर किमान ५० मीटर दोर सोडा, वारा असेल तर ७०. जवळ साखळी असेल तर नांगर तळ चांगला धरतो. पेट्रोलचा हिशोब तिसऱ्या हिश्श्याचा: एक जायला, एक यायला, एक शिल्लक.

अर्ध्या तासात दोष सापडला नाही तर मदत मागायला लाजू नका. व्हीएचएफ रेडिओ असेल तर १६ नंबर चॅनल. फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. बोटीचं नाव, जीपीएसवरचे आकडे, माणसं किती, नांगर धरलाय की वाहत चाललोय, एवढं आधी सांगा. इंजिनाची तक्रार नंतर. आणि तोवर स्टार्टर मारत बसू नका. एका वेळी दहा सेकंद, मग मिनिटभर विसावा, आणि असं दोन-तीनदाच. रेडिओही त्याच बॅटरीवर चालतो.