लाभांशाचा आकडा आणि त्यामागचं भांडवल

श्रोतेहो, नमस्कार.

शेअरच्या यादीत कंपनीच्या नावापुढे एक आकडा असतो, डिव्हिडंड यील्ड. आपण त्याला लाभांश परतावा म्हणू. ज्यांना शेअरमधून नियमित मिळकत हवी असते, ते बँक, विमा कंपनी किंवा कर्ज देणारी एखादी कंपनी निवडताना सगळ्यात आधी या आकड्याकडे बघतात. आज मला त्याविषयीच बोलायचं आहे, कारण वित्तीय कंपन्यांच्या बाबतीत हा आकडा इतर धंद्यांपेक्षा जास्त फसवा ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब सोपा आहे. वर्षभरात एका शेअरमागे मिळालेल्या लाभांशाला आजच्या भावाने भागायचं. भाव 100, लाभांश 4, म्हणजे परतावा 4 टक्के. इथे एक खबरदारी घ्या. ‘50 टक्के लाभांश जाहीर’ असं कानावर आलं, तर ते टक्के शेअरच्या दर्शनी किमतीवर, म्हणजे कंपनीने शेअरवर नोंदवलेल्या मूळ किमतीवर असतात, बाजारभावावर नव्हे. दर्शनी किंमत 10 असेल तर हाती येणार 5. तो शेअर तुम्ही 250 ला घेतला असेल, तर तुमचा परतावा 2 टक्के.

खरी मेख भागाकारात आहे. लाभांश वर्षातून एकदा, दोनदा, फार तर चार वेळा ठरतो. भाव मात्र बाजार चालू असेपर्यंत हलत राहतो. आता आपल्या त्या 100 च्या शेअरचा भाव 50 वर आला असं धरा. लाभांश गेल्या वर्षीचाच, 4. यादीत परतावा दिसेल 8 टक्के! कंपनीने तुम्हाला जास्त काहीच दिलेलं नाही. उलट पुढचा लाभांश मिळेल की नाही या शंकेने लोकांनी शेअर विकले, म्हणून तर भाव पडला. जी शंका विकणाऱ्याला पळवून लावते, तीच यादीत घेणाऱ्याला आमिषासारखी दिसते. मी सुरुवातीच्या काळात परताव्याच्या उतरत्या क्रमाने यादी लावायचो आणि वरची नावं उचलायचो. त्या वरच्या नावांमध्ये भाव कोसळलेल्या कंपन्याच जास्त असतात, हे लक्षात यायला मला फार वेळ लागला.

हे कुठल्याही कंपनीला लागू आहे. मग बँकेचं वेगळं काय? कारखान्याला यंत्र लागतं, तसं बँकेला भांडवल लागतं. समजा बँकेने 1000 ची कर्जं दिली आहेत. त्यातले 900 ठेवीदारांचे आणि 100 भागधारकांचे. यातली 3 टक्के कर्जं पूर्ण बुडाली, तर 30 गेले, आणि ते ठेवीदारांच्या नव्हे, त्या 100 मधून गेले. शंभरातली तीन कर्जं बुडाली आणि भांडवलाचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपला.

आता हीच बँक वर्षाला 12 नफा कमावते असं समजा. त्यातले 5 वाटले, तर 7 भांडवलात जमा होतात आणि कर्जवाटप साधारण 7 टक्क्यांनी वाढवता येतं. 10 वाटले, तर वाढीसाठी उरतात 2. आज मोठा लाभांश घेणारा भागधारक उद्याच्या कर्जाचं बियाणं खात असतो. काही वेळा ते योग्यही असतं. चांगली कर्जं देण्याची संधीच नसेल, तर पैसा परत केलेलाच बरा. पण मग तसं समजून शेअर घ्यावा.

शिवाय बँकेचा नफा हा बराचसा अंदाज असतो. कर्ज बुडेल का, किती बुडेल, याचा अंदाज बांधून तरतूद करावी लागते, म्हणजे तेवढी रक्कम नफ्यातून आधीच बाजूला काढावी लागते. ती कमी केली की नफा फुगतो आणि त्या नफ्यातून लाभांशही वाटला जातो. कर्ज खरोखर थकतं ते नंतर. तोवर पैसे बाहेर गेलेले असतात.

2009 चा फेब्रुवारी आठवा. अमेरिकेतली जेपी मॉर्गन चेस ही बँक दर तिमाहीला शेअरमागे 38 सेंट देत होती, म्हणजे वर्षाला दीड डॉलरच्या वर. भाव वीस डॉलरच्या आसपास होता. यादीत परतावा साडेसात टक्के दिसत असणार. आणि त्याच महिन्यात बँकेने लाभांश 38 वरून 5 सेंटवर आणला. आदल्या वर्षी, 2008 मध्ये, जागतिक आर्थिक संकट ऐन भरात असताना, बँक नफ्यात होती. तरीही वर्षाला सुमारे 5 अब्ज डॉलर भांडवल राखायचं म्हणून तिने हात आखडता घेतला. साडेसात टक्क्यांचा एका घोषणेत एक टक्का झाला.

आणि बँकेची द्यायची इच्छा असून भागत नाही. वर रिझर्व्ह बँकेसारखा नियामक बसलेला असतो. बँकांच्या भांडवलासाठीच्या बाझल 3 या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार किमान भांडवलावर आणखी, जोखमीनुसार मोजलेल्या मालमत्तेच्या अडीच टक्क्यांची राखीव उशी ठेवावी लागते. ती झिजू लागली की लाभांशावर आपोआप मर्यादा येते. कोरोनाची साथ आली तेव्हा, मार्च 2020 मध्ये, युरोपियन सेंट्रल बँकेने बँकांना लाभांश थांबवायला सांगितलं. त्याच महिनाअखेरीस ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांनी नियामकाच्या विनंतीवरून आधी जाहीर केलेले लाभांश रद्द केले. त्यात एचएसबीसीही होती. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेनेही भारतातल्या बँकांना लाभांश देऊ नका असं सांगितलं.

म्हणून परताव्याचा आकडा पाहिलात की ताळेबंदही उघडा. नफ्यातला किती हिस्सा वाटला जातो? भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या मानाने बँकेकडे असलेलं भांडवल, किमान मर्यादेच्या किती वर आहे? थकीत कर्जं वाढताहेत का, आणि तरतूद त्यांच्या बरोबरीने वाढते का? वाईट वर्षात लाभांशाचं काय झालं होतं? मला यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण चांगल्या वर्षात सगळेच उदार असतात. म्युच्युअल फंड चालवणाऱ्या कंपनीला मात्र एवढं भांडवल अडकवावं लागत नाही. ती नफ्याचा मोठा हिस्सा वाटू शकते, पण तिची फी गुंतवणुकीच्या मूल्यावर ठरते, म्हणून बाजार पडला की तिचाही लाभांश आटतो.

जेपी मॉर्गनने तो 5 सेंटचा लाभांश दोन वर्षं तसाच ठेवला. 2011 मध्ये तो 25 सेंट झाला. मधल्या काळात परताव्याच्या क्रमाने लावलेल्या याद्यांमध्ये ही बँक तळाशी होती, आणि वाचवलेलं भांडवल तिच्याकडेच होतं.

नमस्कार.