हातभर कोरी भिंत

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आटोपशीर करून)

मंडळी, नमस्कार. जेवणाआधीचं शेवटचं भाषण माझ्या वाट्याला आलंय आणि बटाटेवड्यांचा वास थेट इथपर्यंत येतोय. त्यामुळे ताणणार नाही.

आम्ही दोघं जेरुसलेमला गेलो होतो, तेव्हा एका आजींकडे चहाला जाणं झालं. आजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी, मूळच्या अलिबागकडच्या. पन्नासएक वर्षं तिकडे राहूनही मराठी अगदी अष्टागरातलं. घर नुकतंच रंगवलेलं होतं, पण दारातून आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर एक चौकोन तसाच सोडलेला. ना गिलावा, ना रंग. ही माझ्या कानात पुटपुटली, "रंगाऱ्यानं फसवलेलं दिसतंय यांना." आजींनी ते ऐकलं. हसून म्हणाल्या, "नाही गं बाई, जावयानं मुद्दाम ठेवलंय. देवाचं घर पडलेलं असताना आपलं घर पुरं करायचं नसतं."

तो चौकोन एक हात लांब, एक हात रुंद. हात म्हणजे आपल्या जुन्या मापातलाच, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. लग्नात नवरदेव पायाखाली पेला फोडतो, तोही याच आठवणीनं. देवाचं घर म्हणजे जेरुसलेममधलं यहुद्यांचं मंदिर. पहिलं, सॉलोमन राजाचं, बाबिलोनच्या फौजेनं इ.स.पू. ५८६ मध्ये पाडलं. दुसरं रोमनांनी इ.स. ७० मध्ये जाळलं. परंपरेनं दोन्हींची तिथी एकच मानतात, यहुदी पंचांगातल्या अव महिन्याची नवमी. त्या दिवशी कडक उपास असतो.

आठवण ठेवणं वेगळं आणि तयारीला लागणं वेगळं. त्या शहरात काही माणसं खरोखर तिसऱ्या मंदिराच्या तयारीला लागली आहेत. १९८७ मध्ये रब्बाय, म्हणजे यहुदी धर्मगुरू, यिस्राएल एरिएल यांनी टेम्पल इन्स्टिट्यूट काढली. १९६७ च्या युद्धात ज्या इस्रायली छत्रीधारी ब्रिगेडनं टेम्पल माउंट, म्हणजे जुन्या मंदिराची टेकडी, घेतली, तिच्यात ते जवान होते. ही संस्था मंदिरातली भांडी, वाद्यं, पुरोहितांचे कपडे शास्त्रात लिहिल्याबरहुकूम तयार करते. शोभेच्या प्रतिकृती नव्हेत, उद्या मंदिर उभं राहिलं तर उचलून वापरायला घेता येतील अशा वस्तू. पश्चिम भिंतीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांजवळ काचेच्या पेटीत सात शाखांची सोन्यानं मढवलेली मेनोरा, म्हणजे मंदिरातली समई, उभी आहे. तिला सुमारे ४५ किलो सोनं लागलंय.

खरं सांगायचं तर मेनोरापेक्षा मला एका साध्या भांड्यानं जास्त धरून ठेवलं. बळीचं रक्त धरायचं भांडं, मिझराक. त्याला बूडच नाही, खाली निमुळतं. ठेवायला गेलात की कलंडणार. का? तर पुरोहितानं ते कुठे खाली टेकवलं आणि रक्त साखळलं, तर विधी फुकट. म्हणून भांडंच असं घडवायचं की ते हातातून हातात जात राहील. आपल्याकडे बूड गोल असलेल्या भांड्याला अडणी देतात. इथे अडणी मिळूच नये हाच हेतू.

हिचं मत एका वाक्यात: "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी." चूक नाही तिचं. कारण जिथे मंदिर व्हायचं, त्या टेकडीवर सातव्या शतकाच्या अखेरीपासून सोनेरी घुमटाची वास्तू उभी आहे, शेजारी अल-अक्सा मशीद आहे. मुसलमानांसाठी ते हरम अल-शरीफ. १९६७ नंतरही तिथला कारभार वक्फकडेच राहिला. यहुद्यांपैकी कितीतरी धर्मगुरूंचाही विरोध आहे. मुख्य रब्बिनेटची, म्हणजे इस्रायलच्या अधिकृत धर्मपीठाची, पाटी बरीच वर्षं प्रवेशाजवळ आहे: शास्त्राप्रमाणे वर जाणं निषिद्ध. मंदिर माणसांनी बांधायचंच नाही, ते तयार होऊन वरून उतरेल, हे मत राशी नावाच्या भाष्यकाराचं, अकराव्या शतकातलं. मैमोनिडीस हा धर्मपंडित बाराव्या शतकात म्हणाला, मसीहा राजा, म्हणजे पुढे येणारा तारणहार, ते बांधेल. वाद आजही मिटलेला नाही.

टेकडीवर जाणं निषिद्ध का, तर प्रेताच्या स्पर्शाचा विटाळ. तो आज सगळ्यांनाच आहे असं धरतात, आणि तो जायला तांबड्या गाईची राख मिसळलेलं वाहतं पाणी लागतं. गाय पूर्ण तांबडी, निर्दोष, मानेवर कधी जू न पडलेली. मिश्ना या यहुद्यांच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथाच्या हिशेबानं वेगळ्या रंगाचे दोन केस सापडले तरी गाय बाद! १९९६ मध्ये हैफाजवळ मेलडी नावाची कालवड जन्मली, केवढा गाजावाजा झाला. पुढे तिच्या शेपटीला पांढरे केस आले. २०२२ च्या सप्टेंबरात टेक्सासहून विमानानं पाच कालवडी आणल्या.

जुन्या काळी या राखेसाठी काय करत, ते मिश्नात दिलंय. दगडी अंगणं बांधायची, खाली पोकळी ठेवून, म्हणजे जमिनीत एखादी विसरलेली कबर असली तरी तिचा विटाळ वर पोचू नये. तिथे मुलं जन्मायची, तिथेच वाढायची. मग बैलांच्या पाठीवर दाराच्या फळ्या टाकून त्यांवर त्या मुलांना बसवायचं, हातात दगडी पेले, आणि तसंच जेरुसलेममधल्या शिलोआहच्या पाण्यापर्यंत न्यायचं. दगडाला विटाळ लागत नाही. माझ्या आजीचं सोवळं फार कडक होतं असं मी आजवर समजत होतो.

तयारी आधी, बांधकाम नंतर, हा क्रमही नवा नाही. हेरोद राजानं दुसरं मंदिर नव्यानं बांधायला काढलं, तेव्हा लोक घाबरले: जुनं पाडेल आणि नवं होणारच नाही. त्या काळचा यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो की राजानं आधी हजार गाड्या जमवल्या आणि हजार पुरोहितांना गवंडीकाम, सुतारकाम शिकवलं, मगच कामाला हात घातला. याच्या उलट इ.स. ३६३ मध्ये रोमन सम्राट ज्युलियननं मंदिर पुन्हा उभारायला घेतलं, तर पायातून आगीचे लोळ उठल्याची नोंद आहे. त्याच वर्षी भूकंपही झाला. काम सुटलं ते सुटलंच.

या माणसांच्या चिकाटीचं मला कौतुक वाटतं आणि पोटात गोळाही येतो. भांडं घडवणारा कारागीर कुणाचं काही बिघडवत नाही. पण त्या टेकडीवर नुसती वदंतासुद्धा महाग पडते. जानेवारी २०२४ मध्ये हमासच्या प्रवक्त्यानं युद्धाबद्दलच्या भाषणात तांबड्या गाईंचा उल्लेख केला होता. पाच कालवडी, आणि त्यांचा हिशेब असा लागतो. संस्थेच्या दालनात हिंडताना मला हे कुठे लिहिलेलं दिसलं नाही.

आता आजींकडे परत येतो, कारण वडे तयार झाल्याची खूण झालीये.

कोकणातले बेने इस्राएल या अवच्या उपासाला बिरड्याचा सण म्हणत. त्या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून वालाचं बिरडं. आजी अजूनही करतात. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग एकेक सोलत बसायचं. जावई धार्मिक, त्यांनी आम्हाला जखऱ्या संदेष्ट्याचं वचन समजावून सांगितलं, की एक दिवस हे उपास आनंदाचे सण होतील. आजी परातीत वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सण झाला तर पाहुणे येणार. मग किलोभर तरी वाल लागतील. तू पुढच्या खेपेला अलिबागहून कडवे आण बाबा, इथे मिळतात त्यांना मोड नीट येत नाहीत."