समोरची बाजू नसलेली वास्तू

मंडळी, दिल्लीला निघालेल्या माणसाची यादी ठरलेली असते. कुतुबमिनार, लाल किल्ला, आणि वेळ उरला तर करोलबागेत खरेदी. पुराना किल्ल्याजवळचं राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय त्या यादीत सहसा नसतं. मीही पहिल्यांदा गेलो तेव्हा फाटकातून आत शिरून पाच मिनिटं इमारत शोधत होतो, आणि उभा होतो तो इमारतीतच.

ही करामत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची. घराणं मूळ गोव्याचं, कर्मभूमी मुंबई. मुंबईत कांचनजंगासारखा उंच मनोरा उभारणाऱ्या या माणसानं इथे कौलारू छपरं बुटकी ठेवली. मधून एक वाट काढली, वर आभाळ. वाटेवर चौकामागून चौक. वाड्याची देवडी ओलांडून आपण चौकात येतो, तिथून ओसरीवर, मग माजघरात; चाल तशीच. फोटो काढू म्हटलं तर पंचाईत, कारण या इमारतीला समोरची बाजूच नाही!

आवारात निरनिराळ्या प्रांतांतली खेड्यांतली घरं आहेत. कच्छचा गोल भुंगा आहे (आपल्याकडचा गुणगुणणारा नव्हे). गुजरातेतल्या राठवा आदिवासींचं घर आहे, त्यात पिठोरा देवाच्या नावानं भिंतीवर रंगवलेले घोडे. ओटी आणि स्वयंपाकाची जागा यांच्यामधल्या भिंतीवर राठवा ते नवस फेडायला काढून घेतात. त्या भिंतीपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. घोड्यांच्या टापांखाली, कमरेच्या उंचीवर, लिंपण तडकलं होतं. आमच्याकडे अशी भेग दिसली की आई संध्याकाळच्या आत शेणमातीनं बुजवायची. इथे राहणारं कोणी नाही. चूल पेटत नाही, म्हणजे छपराला धूर नाही, आणि धूर नाही म्हटल्यावर किड्यांना रान मोकळं. मातीचं घर काचेच्या कपाटातल्या मूर्तीसारखं ठेवून देता येत नाही, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

आता गंमत ऐका. हे खेडं मुळात टिकण्यासाठी बांधलेलंच नव्हतं. १९७२ साली प्रगती मैदानावर आशियाई व्यापार मेळा भरला, त्यातला हा ग्रामीण भारताचा देखावा. मेळा उठला, खेडं राहिलं, आणि कोरियांनी पुढे त्याला धरूनच संग्रहालयाची रचना केली. त्याच मेळ्यासाठी राज रेवल या वास्तुरचनाकारांनी, महेंद्र राज या अभियंत्यांना सोबत घेऊन, ‘हॉल ऑफ नेशन्स’ बांधला होता. काँक्रीटच्या त्रिकोणी जाळीचा, आत एकही खांब नसलेला भव्य मंडप. तो कायमचा म्हणून बांधलेला. २०१७ च्या एप्रिलमध्ये रातोरात पाडला.

मी निघालो तेव्हा एक कारागीर भुंग्याच्या पायथ्याशी ओला गिलावा थापत बसला होता. पाचही बोटं भिंतीवर उमटत होती, आणि तो ती पुसत नव्हता.